सिंधूचं नाव तेवढं काढा

'लोकसंगीत' हा शब्द हल्ली कानावर पडला की माझं डोकं फिरतं. माझी मुलगी म्हणते, अम्मी, सगळी नोकरी त्याच शब्दावर केलीस, आता असं बोलू नये. पण गेल्या महिन्यात तासगावच्या एसटी स्टँडसमोर आमच्या जुन्या रेडिओ केंद्राच्या वर्धापनदिनाचा फ्लेक्स लागला. 'मातीतल्या गाण्यांचा वारसा जपणारं आपलं केंद्र' असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली पुढाऱ्यांचे फोटो, एकाखाली एक. ज्यांनी गाणी म्हटली त्यांच्यातला एकही चेहरा नाही. मी बसची वाट बघत त्या फ्लेक्ससमोर उभी होते. माझी बस कधी लागली आणि कधी सुटली ते मला कळलं नाही. घरी आले आणि लिहायला बसले. वारसा कसा जपला ते लोकांना कळू दे.

केंद्राचं नाव 'रेडिओ खळं'. सरकारी रेडिओ वेगळा आणि हे वेगळं. एखाद्या संस्थेनं परवाना काढायचा आणि आपल्या भागापुरता छोटा रेडिओ चालवायचा, असा हा प्रकार असतो. टॉवर बुटका. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जाणार, मध्ये डोंगर आडवा आला की संपलं. आमचं केंद्र भूपालअण्णांनी काढलं. अण्णा जैन शेतकरी, द्राक्षबागायतदार, स्वतःचं बेदाण्याचं शेड असलेले. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि तसं ते सगळ्यांना सांगायचे. पण त्यांच्या शेडवर काड्या काढून बेदाणा निवडणाऱ्या बायका दिवसभर गायच्या, आणि शेडच्या कोपऱ्यात टांगलेल्या रेडिओवर मुंबईची गाणी लागायची. अण्णा म्हणायचे, मुंबईची गाणी लावायला मुंबई हाय. ह्यांची कोण लावणार?

म्हणून अण्णांच्या संस्थेच्या खताच्या गोदामावर दोन खोल्या काढल्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, आवाज घुमू नये म्हणून. पावसाळ्यात खालच्या युरियाचा वास वर यायचा आणि पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला पुढंपुढं तो वास येईनासा झाला.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. आमचे अब्बा शिंपी. घरी आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी, आणि भांडायला दोन्ही चालतात. अण्णांनी मला बालवाडीच्या एका कार्यक्रमात माइकवर बोलताना ऐकलं आणि घरी येऊन अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, तिला विचारा. मी हो म्हटलं. केंद्र सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही मुसलमान असून तुमचं मराठी चांगलं आहे हो." मी म्हटलं, तुमचंही चांगलं आहे, कुठं शिकलात? त्यांनी फोन ठेवून दिला. पुढं तेच गृहस्थ दर गुरुवारी भजनाची फर्माईश करायला लागले आणि रजियाक्कांशीच बोलायचंय म्हणून अडून बसायला लागले. माणसं बदलत नाहीत असं मी म्हणत नाही. पण पहिला फोन मी विसरलेले नाही.

आमचं काम काय, ते थोडं सांगते. लोकांना वाटतं, बाईला स्टुडिओत बसवायचं, समोर माइक ठेवायचा, झालं रेकॉर्डिंग. तसं केलं तर बाई गातच नाही. घसा खाकरते, पदर सावरते, पाणी मागते आणि म्हणते, मला न्हाई येत. जात्यावरची, निवडणीची, भांगलणीची गाणी ही हाताला काम असल्याशिवाय तोंडात येत नाहीत. हात चालला की गाणं चालतं. म्हणून आम्ही माइक घेऊन शेडवर जायचो, बांधावर जायचो, लग्नघरी हळद दळतात तिथं जाऊन बसायचो. जात्याची घरघर जास्त आली तर माइक बाईच्या खांद्यामागं धरायचा. बायकांचा घोळका असला तर एकीच्या जवळ जायचं नाही, नाहीतर बाकीच्या रुसतात. पहिला तासभर मशीन चालू न करता नुसतं बसायचं, त्यांच्याबरोबर निवडायला लागायचं. माझ्याइतका बेदाणा निवडलेली रेडिओवाली दुसरी कुठं असेल असं मला वाटत नाही.

ऐकणारी माणसंही एकेक होती. बिरूआबा म्हणून एक मेंढपाळ होता, मेंढरं घेऊन फिरणारा. छातीवरच्या खिशात मोबाइल, त्यावर आमचा रेडिओ. तो तक्रार करायचा की धनगरी ओव्या आणि गजीनाचाचा ढोल भर दुपारी लावू नका. मी विचारलं, का हो आबा? तर म्हणाला, "आवं, मेंढरं बसल्याली असत्यात. ढोल ऐकला की त्यास्नी वाटतंय तळ हलला, आता चालायचं. उठून उभी ऱ्हात्यात." आम्ही तो कार्यक्रम सकाळी नेला. मेंढरांच्या सांगण्यावरून वेळापत्रक बदललं, असं मी बैठकीत सांगितलं तेव्हा अण्णा पोट धरून हसले होते.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. हलगीवाले पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. हलगीचं कातडं थंडीत ढिलं पडतं, वाजवण्याआधी जाळावर शेकून ते कडक करावं लागतं. शंकर आणि त्याचे दोघं भाऊ अंगणात पाचट पेटवून हलग्या शेकत बसले होते. आमचे एक विश्वस्त, निवृत्त हेडमास्तर, जिना उतरून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ह्यांचं अंगणातच रेकॉर्डिंग करा, वर सतरंजी आहे. मी म्हटलं, सतरंजी बसायलाच असते ना? मग चहा आला. आम्हाला कपात आणि त्या तिघांना कागदी पेल्यात. कप कमी पडले असते तर मी समजले असते. कप ट्रेमध्ये पालथे पडलेले होते.

शंकरनं पेला हातात घेतला, बघितला आणि खाली ठेवला. म्हणाला, "च्या नको अक्का. जाळ तेवढा ऱ्हाऊ द्या." आणि वर येऊन, सतरंजीवर बसून त्यानं अशी हलगी वाजवली की आमच्या मशीनचा काटा लालच्या पलीकडं जाऊन तिथंच थरथरत राहिला.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी भाषण केलं नाही. हेडमास्तरांना बोलावून एवढंच म्हणाले की इथं चहा सगळ्यांना एकाच कपबशीतला मिळेल, नसेल चालत तर तुम्ही घरून पिऊन या. हेडमास्तर पुढं बरेच दिवस फिरकले नाहीत आणि त्यावाचून केंद्राचं काही अडलं नाही. शंकरनं मात्र आमच्याकडं परत कधी चहा घेतला नाही. यायचा, वाजवायचा, जायचा. मीही आग्रह केला नाही. तो अधिकार त्याचा होता.

आता धोंडाबाईचं सांगते. ज्यासाठी लिहायला बसले ते हेच.

धोंडाबाई माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या गावाची. तिकडं पाऊस पडला तर पेरणी, नाही पडला तर गडी मुंबईला आणि बायका टोळीनं जिथं काम मिळेल तिथं. तिचा नवरा मुंबईत हमालीला होता. ती दर हंगामाला बेदाण्याच्या शेडवर यायची, अण्णांच्याच. शेडमागं त्यांची पालं पडायची. तिची थोरली मुलगी सिंधू बरोबर असायची. बायकांना पाणी आणून द्यायची, धाकट्या भावाला खेळवायची. एका हंगामात ती तापली. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत आई थांबली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोर वाटेतच संपली. हंगाम अर्धा व्हायचा होता. धोंडाबाई मुलीला पोचवून आली आणि आठवड्याच्या आत परत निवडायला बसली. दुसरं करणार काय?

पुढच्या हंगामात मी शेडवर गेले तेव्हा ती एक गाणं म्हणत होती. चाल जुनी, जात्यावरची, आमच्या सगळ्या भागाला माहिती असलेली. शब्द तिचे. गाण्यात आई म्हणते की बेदाणा निवडून झाला, बायकांची बोचकी बांधून झाली, टेम्पो येऊन उभा राहिला, सगळी बसली, तू पाण्याला गेलीस ती अजून आली नाहीस, किती उशीर लावतेस, चल, आपल्याला गावाला जायचं आहे. दर ओळीच्या शेवटी एक हाक. 'सिंधू गं.' मोठ्यानं नाही. शेजारच्या पालात कुणी झोपलं असेल तर त्याची झोप मोडू नये, अशी.

ती म्हणत असताना बाकीच्या बायका खाली बघून निवडत होत्या. कुणी मध्ये साथ दिली नाही. गाणं झाल्यावर मी तिला विचारलं, हे रेडिओवर घेऊ का?

तिनं विचारलं, "कोण कोण ऐकंल?"

मी म्हटलं, आपल्याच भागातली माणसं. आजूबाजूच्या शेडवरच्या बायका.

"मग घ्या. त्यास्नी ठावं हाय सिंधू."

हे तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढं मला ते अनेकांना ऐकवावं लागलं आणि कुणालाच ते कळलं नाही. तिनं 'घ्या' म्हटलं ते ऐकणाऱ्यांना सिंधू ठाऊक होती म्हणून. मी तिला शब्द दिला तो तेवढ्याच माणसांचा.

ते गाणं आम्ही वर्षातून एकदाच लावायचो, हंगाम संपून टोळ्या परत निघायच्या त्या आठवड्यात. शेडवरून तशी मागणीच यायची. त्याच्या आधी मी फक्त एवढं सांगायचे, हे धोंडाबाईचं गाणं, तिनं सिंधूसाठी केलेलं.

अण्णा गेले आणि केंद्र त्यांच्या मुलाकडं, सुकुमारकडं आलं. सुकुमार वाईट माणूस नाही. पण त्याला बागेचं, निर्यातीचं काम, रेडिओला वेळ नाही. त्यानं पुण्याहून एक व्यवस्थापक आणला. निखिल सर. तरुण, हुशार, बोलायला गोड. आल्या आल्या त्यांनी आम्हाला सांगितलं की माइकवर 'हाय', 'न्हाई', 'व्हय' बोलायचं नाही, शुद्ध बोलायचं. मी म्हटलं, सर, गाणी त्याच बोलीतली आहेत. तर म्हणाले, गाण्यात चालतं, ती फोक आहेत. म्हणजे गाण्यात तीच बोली वारसा आणि आमच्या तोंडात अडाणीपणा.

मग त्यांनी जुनी रेकॉर्डिंगं 'साफ' करायला घेतली. संगणकावर बसून बायकांचा श्वास काढला, खोकला काढला, सुपाचा आवाज काढला. एका गाण्याजवळ थांबून मला म्हणाले, मॅडम, हे मागं खणखण येतंय, बांगड्या आहेत वाटतं, काढून टाकू. गाणारी सवाष्ण होती. मराठीत बांगड्या काढणं म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर हसले. बांगड्या काढल्याच.

एका बैठकीत सुकुमारनं पेढे वाटले. एका मोठ्या शहरातल्या संगीत कंपनीशी करार झाला होता. आमच्याकडची सगळी गाणी त्यांना दिली होती. निखिल सर म्हणाले, आता आपली गाणी जगभर जातील. मी विचारलं, गाणाऱ्यांना विचारलं का? सगळे माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी पेढ्यातून केस काढून दाखवला. सर म्हणाले, मॅडम, ही पारंपरिक गाणी आहेत, पारंपरिक गाण्याला मालक नसतो. मी म्हटलं, काही गाण्यांना आहे. विषय पुढं गेला.

त्यानंतरच्या लग्नसराईत धोंडाबाई आली. एकटी, दहिवडीहून विट्याला, विट्याहून तासगावला, दोन एसट्या बदलून. हंगाम नव्हता, म्हणून मला नवल वाटलं. ती जिना चढून आली, पाणी प्याली आणि काय झालं ते तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. बाजारात काय घेतलं ते सांगावं तसं सांगितलं.

तिच्या दिराच्या मुलाचं लग्न होतं. मुंबईहून पोरं आली होती, डीजेची गाडी आणली होती. वरात निघाली. एक गाणं लागलं. तिला आधी वाटलं, आवाज ओळखीचा वाटतो. मग 'सिंधू गं' आलं. तिचा स्वतःचा आवाज, खाली दणदणाट घातलेला. टेम्पोच्या आणि बोचक्यांच्या सगळ्या ओळी काढून टाकलेल्या. नुसती हाक ठेवलेली, तीच ती, पुन्हापुन्हा. आणि दोन हाकांच्या मध्ये एका पुरुषाचा आवाज घातलेला. 'येतीस का, येतीस का.' पोरं तोंडात रुमाल धरून नाचत होती.

धोंडाबाई गर्दीतून पुढं गेली आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, म्हातारीला नाचायचं आहे. त्यांनी जागा करून दिली. कुणीतरी तिच्या डोक्यावरून नोट ओवाळली.

एवढं सांगून तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "गाणं ऱ्हाऊ द्या तिकडं, जाऊ द्या. सिंधूचं नाव तेवढं काढा."

मी तिला घेऊन निखिल सरांच्या खोलीत गेले. सुकुमारही तिथं होता. सर उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली, पुन्हा पाणी मागवलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांच्या वागण्यात उणं काही नव्हतं. ते म्हणाले, आजी, तुम्ही फेमस झालात, किती लोकांनी तुमचं गाणं ऐकलंय माहितीये का? आणि मोबाइल काढून तिला तेच गाणं लावून दाखवायला लागले. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि बंद करून टेबलावर ठेवला. धोंडाबाईनं तिचं मागणं पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, ते आता तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, आणि शेवटी गाणं पारंपरिक आहे.

मी म्हटलं, "चाल पारंपरिक आहे. सिंधू काय पारंपरिक होती का?"

सुकुमार खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या वडिलांच्या शेडमागं ती पोर तापली होती, हे त्याला माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, रजियाक्का, करार झालाय, आता जाऊ द्या.

मी कंपनीला फोन लावला. एकीकडून दुसरीकडं जोडून देत देत एका मुलीनं शेवटी ऐकून घेतलं. तिनं विचारलं की सिंधू नावाची व्यक्ती होती, याचा काही पुरावा आहे का? मृत्यूचा दाखला वगैरे? मी म्हटलं, बाई, पालात राहणाऱ्या मजुराची पोर वाटेत मेली, तिचा दाखला कोण काढतं? ती म्हणाली, मग आम्हाला काही करता येणार नाही. हे सांगताना तिचा आवाज फार नम्र होता. इतक्या नम्र माणसांनी इतकं निर्दय व्हावं, याची चीड मला अजून येते. हेडमास्तरांच्या कागदी पेल्यात निदान उघड तिरस्कार होता. इथं सगळे हसून बोलत होते, खुर्ची देत होते, आणि एका आईला तिच्या मुलीचं नाव परत देत नव्हते.

धोंडाबाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिनं मला काही विचारलं नाही आणि मीही कशाचं आश्वासन दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कार्यक्रम होता, थेट प्रक्षेपणाचा. शेडवरच्या, गोठ्यातल्या, शिलाई मशीनवरच्या बायका ऐकायच्या तो. मी फर्माईशी बाजूला ठेवल्या आणि माइक उघडून सांगायला सुरुवात केली. धोंडाबाई कोण, सिंधू कोण, ती कुठं गेली, गाणं कसं झालं, मी काय शब्द दिला होता, आणि वरातीत काय झालं. नोट ओवाळली तेही सांगितलं. कंपनीचं नाव घेतलं नाही, केंद्रातल्या कुणाला शिवी दिली नाही. आणि हो, त्या दिवशी मी 'हाय' आणि 'न्हाई' म्हणतच बोलले. रागात शुद्ध बोलायला मला जमत नाही. मग माझ्याकडं राहिलेलं न छाटलेलं रेकॉर्डिंग लावलं, सुपाच्या आवाजासकट. ते संपल्यावर म्हटलं, ज्यांच्याकडं ते दुसरं गाणं असेल त्यांनी वाजवायचं की नाही ते स्वतः ठरवा, पण आता तुम्हाला सिंधू ठाऊक आहे.

काचेपलीकडं निखिल सर हातवारे करत होते. मग दारावर थापा पडल्या. कडी मी आतून लावली होती. माझं बोलून झाल्यावर काढली. त्यांनी आत येऊन पहिल्यांदा जाहिरात लावली, खताची.

माझी निवृत्ती तोंडावर आली होती. तेवढे महिने घरी बसा, असं मला सांगण्यात आलं. निरोपसमारंभ झाला नाही. सुकुमार एकदा घरी आला, चहा प्याला, अण्णा असते तर, असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, अण्णा नाहीत म्हणूनच तू आहेस ना? तो कप ठेवून उठला. मला त्याची कीव आली, पण राग गेला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

पण त्या दुपारी कुणीतरी माझं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं आणि ते फिरायला लागलं होतं. आमचा टॉवर जिथवर पोचत नव्हता तिथवर ते गेलं. एक दिवस कोरेगावहून एक तरुण मोटारसायकलवर माझं घर शोधत आला. अमोल नाव. डीजेचा धंदा. त्याची मावशी शेडवर कामाला होती, तिनं त्याला ते ऐकवलं होतं. दारातच उभा राहून म्हणाला, "अक्का, मी ते गाणं लय वाजवलं. मला वाटलं बाई कुणाला तरी बोलावतीया."

मी म्हटलं, बोलावतेच आहे.

त्यानं मान खाली घातली. आत ये म्हटलं तरी आला नाही. आपल्या धंद्यातल्या बाकीच्यांना मी सांगतो, असं म्हणाला आणि गेला. त्यानं ते केलं. आज कोरेगाव, माण, तासगाव या भागात ते गाणं वरातीत लागत नाही. कुणी नवख्यानं लावलंच तर दुसरा जाऊन त्याला बंद करायला सांगतो. कायदा नाही, करार नाही, कुणाची सही नाही. सुशिक्षित माणसं मिटवू शकली नाहीत ते भिंतीएवढे स्पीकर लावणाऱ्या पोरांनी मिटवलं, निदान आमच्यापुरतं. आमच्या भागाबाहेर ते अजून वाजतं. कंपनीनं बऱ्याच महिन्यांनी उपकार केल्यासारखी एक ओळ घातली, 'मूळ स्वर : धोंडूबाई'. नाव काढा म्हटलं होतं ते काढलं नाही, आणि जे घातलं ते चुकीचं घातलं.

केंद्र चालू आहे. दिवसभर संगणक आपला आपण सिनेमाची गाणी लावतो. भल्या पहाटे, माणसं झोपेत असताना, अर्धा तास 'लोकसंगीत' असतं. साफ केलेलं. म्हणून तो फ्लेक्स वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वारसा जपायचा तर आधी माणूस जपायला लागतो. त्याला कपातून चहा द्यायला लागतो, त्याला विचारायला लागतं, आणि तो नको म्हणाला तर मशीन बंद करायला लागतं. एवढंच आमचं काम होतं. त्याला पुण्याहून कुणाला आणायची गरज नव्हती.

गेल्या थंडीत मी धोंडाबाईला भेटायला गेले. तिचं घर गावाच्या कडेला, पुढं शेळ्या बांधलेल्या. तिनं मला ओळखून आधी माझ्या हाताकडं बघितलं. मोबाइल होता. तो ठेवा म्हणाली नाही, पण बोलेनाही. मी तो बंद करून पिशवीत टाकला आणि पिशवी बाहेर खुंटीला अडकवून आले. मग तिनं मटकी घातलेलं सूप पुढं ओढलं, अर्धी मटकी माझ्यापुढं सारली. आम्ही खडे निवडत बसलो. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची बोअर आटली, असं बोलणं चाललं होतं. बोलता बोलता ती गायला लागली. मी कधी न ऐकलेलं काहीतरी. जुन्या सवयीनं माझा हात मशीनकडं जावा तसा बाजूला गेला. तिथं नुसती शेणानं सारवलेली भुई होती. मी हात परत सुपात घातला आणि ऐकत राहिले.

गाणं कशाचं होतं, त्यात कुणाचं नाव होतं, हे मी इथं लिहिणार नाही. तिनं ते मला ऐकवलं होतं.